रुमाल टाकून धरलेली जागा

"माझा जॉब मारला कोणी?"

डॉ. यशोधन कारखानीस दारातूनच विचारत होते. खांद्यावरची बॅग अजून खाली ठेवलेली नव्हती. पहाटे घर सोडून घाट चढून आलेला माणूस, आणि रस्ताभर हा एकच प्रश्न घासून घासून धारदार केलेला.

टेबलामागे मुल्लासर बसले होते. राष्ट्रीय महासंगणक केंद्रात संशोधकांना ते अवाढव्य यंत्र वापरायला शिकवायचं आणि कुणाचं अडलं तर सोडवून द्यायचं, असा एक विभाग आहे. त्याचे ते प्रमुख. अन्वर मुल्ला, मूळचे मिरजेचे. देशातले अर्धेअधिक शास्त्रज्ञ त्यांच्या वर्गातून गेलेले. यंत्रावर लावलेल्या एकेका कामाला तिथे जॉब म्हणतात, आणि चालू काम मधेच बंद करणं म्हणजे तो मारणं.

"मी मारला," ते म्हणाले.

"का?"

"तुमचं काम व्हावं म्हणून."

...

कारखानीसांनी बॅग खाली आपटली.

"मुल्लासाहेब, मी कोडी सोडवायला आलेलो नाही. कुंभारखोंडची माणसं शाळेत झोपताहेत. म्हाताऱ्या आहेत, लेकुरवाळ्या आहेत. शनिवारी कलेक्टरांपुढे मला सांगायचंय, ह्यांना घरी जाऊ द्या की जाऊ देऊ नका. आज बुधवार. आणि तुम्ही माझा चालू जॉब मारता?"

गोष्ट खरी होती. कारखानीस दरडींचे अभ्यासक. कुंभारखोंड ही कड्याखालची वाडी; वरच्या डोंगराला भेग पडली म्हणून सगळी वाडी शेजारच्या गावच्या शाळेत आणून ठेवलेली. डोंगराचे काप पाडायचे, त्यावर हिशेबातला पाऊस ओतायचा आणि कुठला काप घसरतो ते बघायचं, हे काम त्यांचा प्रोग्राम महासंगणकावर करत होता. करत होता, असं ते समजत होते.

सांगलीच्या हळदबाजारात एक जुने आडते होते. गिऱ्हाईक ओरडायला लागलं की ते तराजू पुसायला घ्यायचे. पारडं स्वच्छ होईपर्यंत गिऱ्हाइकाचा दम संपलेला असायचा, आणि मग खरा सौदा सुरू व्हायचा. मुल्लासरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

पण कारखानीसांचा दम संपण्यातला नव्हता. त्या आठवड्यात त्यांच्या पोटात एक नाही, दोन राग होते. एक या केंद्रावर. दुसरा कुणा डॉ. जेनेट डाबरे नावाच्या बाईवर. बाई पावसाच्या अभ्यासक. कुंभारखोंडच्या डोंगरावर यंदा किती पाऊस कोसळू शकतो, ते आकडे त्यांनी द्यायचे होते. दिले नव्हते. कारखानीसांनी मेलवर मेल केल्या. शेवटच्या मेलमध्ये तर विचारलं, 'आपल्याला पगार मात्र वेळेवर मिळत असेल ना?' आणि तोवर हात चालू राहावा म्हणून जुन्याच पावसाच्या आकड्यांवर ते जॉब चालवत बसले होते.

"किती नोड मागितले होते?" मुल्लासरांनी विचारलं. नोड म्हणजे महासंगणकातलं एकेक यंत्र. अशी शेकडो यंत्रं मिळून तो होतो, आणि ज्याला लागतील त्याने तेवढी मागून घ्यायची.

"चौसष्ट."

"चौसष्टच का?"

"काम मोठं आहे."

"किती मोठं?"

"म्हणजे?"

"मोजलं होतंत?"

कारखानीस हसले. ते हसू काही चांगलं नव्हतं.

"मुल्लासाहेब, मी वीस वर्षं या विषयात आहे."

"विषय नाही विचारला. नोड विचारले."

"माझे एक मित्र आहेत, ते चौसष्ट घेतात. जॉब लावायची त्यांचीच फाइल मी वापरतो."

"फाइलमध्ये काय बदललंत?"

"...नाव."

भाव न विचारता अख्खी गाडी उचलणारं गिऱ्हाईक दोनच प्रकारचं असतं. एकाला माल पुरता कळतो, दुसऱ्याला काहीच कळत नाही. मान दोघांचीही सारखीच ताठ असते, म्हणून ओळखायला वेळ लागतो.

"प्रशिक्षणाला आला होतात?"

"आलो होतो! प्रमाणपत्र आहे माझ्याकडे!"

"असणारच. सही माझी आहे." मुल्लासरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "शेवटच्या रांगेत बसून तुम्ही कुणाचा तरी पेपर तपासत होतात."

"कारण तुम्ही लॉगिन कसं करायचं ते शिकवत होतात. मला!"

"नंतर नोड कसे मोजायचे तेही शिकवलं."

...

"बरं, मेल पाठवल्या होत्या तुम्हाला."

"हेल्पडेस्कच्या मेल मी वाचत नाही. 'प्रिय वापरकर्ते' म्हणून सुरू होतात आणि कुठेच संपत नाहीत."

"नावाने पाठवल्या होत्या."

कारखानीस आणखी मोठ्याने म्हणाले, "हे बघा, माझा जॉब परत सुरू करा. आत्ता. नाहीतर मी दिल्लीला फोन लावतो."

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजत आला होता. मुल्लासर उठले. कोपऱ्यातला जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा उचलून त्यांनी कारखानीसांच्या हातात दिला.

"चला, जेवू."

"मी जेवायला आलेलो नाही!"

"मी जेवतो. तुम्ही चला."

केंद्राची खानावळ लहान. चार लांब टेबलं, दोन्ही बाजूंना खुर्च्या. अजून कुणी आलेलं नव्हतं.

"प्रत्येक खुर्चीवर एकेक पान टाका," मुल्लासर म्हणाले.

"कशाला?"

"जागा धरायची आहे."

कारखानीसांचं कॉलेज महाडला झालेलं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा कशी धरतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. चढायच्या आधी रुमाल आत जातो, आणि मग बाकावर तो माणूस नसला तरी असतो. पण रिकाम्या खानावळीत हा काय पोरखेळ? म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं म्हणत ते पानं टाकत गेले. तरातरा, एकेक खुर्ची आपटत. शेवटच्या खुर्चीपाशी पानं संपली. मुल्लासरांनी खिशातून आपला मोठा चौकड्यांचा रुमाल काढला आणि तिच्यावर अंथरला.

मग एक ताट वाढून घेतलं. मधल्या टेबलाच्या मधल्या खुर्चीवर बसले. भाकरीचा तुकडा मोडला.

"मी कुठे बसू?"

"तुम्ही उभे राहा. नुसतं बघा."

एक वाजला. दार उघडलं आणि माणसं आली.

पहिला एक दाढीवाला संशोधक ताट घेऊन टेबलापाशी थांबला. "सर, इथे कुणी आहे?"

"आहे."

"आणि इथे?"

"तिथेही."

"कोण?"

"येतील."

मागून कुणीतरी म्हणालं, "सरांच्या घरचं कार्य दिसतंय. अख्खं वऱ्हाड यायचंय." हशा झाला. पण हशाने ताटातली आमटी काही गरम राहत नाही. माणसं वाढत गेली. कुणी खिडकीच्या कट्ट्याला टेकून खाऊ लागलं, कुणी ताट एका हातावर तोलत दुसऱ्या हाताने घास घेऊ लागलं. कुणाची तरी कढी बाजूच्याच्या शर्टावर सांडली आणि त्या दोघांची जुंपली.

मुल्लासर सावकाश चावत होते. एकेक घास, जणू आयुष्य पडलंय.

कारखानीस उभ्या माणसांची डोकी मोजत होते. पन्नास माणसं उभी, आणि हा एकटा...

गर्दीतून एक बाई पुढे आल्या. चाळिशीच्या असतील. हातातलं ताट कलंडलेलं, डाळ कडेपर्यंत आलेली.

"मुल्लासर, हे काय चाललंय? माणसं उभ्याने जेवताहेत!"

मुल्लासरांनी घास गिळला. पाणी प्यायले.

"जेवण मोठं आहे," ते म्हणाले.

हे शब्द कुठेतरी ऐकल्यासारखे कारखानीसांना वाटले. पण राग विचाराच्या पुढे धावतो. ते ओरडलेच.

"उठा हो! एक माणूस जेवतो आणि सगळ्या खानावळीला उभं करतो! एवढ्या जागा काय करायच्या आहेत तुम्हाला? लाज नाही वाटत?"



...

मुल्लासरांनी वर बघितलं. कारखानीसांकडे नाही, त्या बाईंकडे.

"बाई, तुमचा जॉब रांगेत किती दिवस होता?"

"पंधरवडा. काल रात्री कुठे सुरू झाला. कालपासून इथेच येऊन बसलेय मी, तुम्हाला ठाऊक नाही का?"

"कुणामुळे अडला?"

"मला काय माहीत? कुणीतरी चौसष्ट नोड धरून बसलं होतं. एक जॉब संपला की लगेच दुसरा लावायचा. माझा नंबर आला की याचा रुमाल आधीच पडलेला. आणि तिकडून तो दरडवाला माझ्या नावाने शंख करतोय, पाऊस कुठे आहे, पाऊस कुठे आहे! काय लिहिलंय माहितीये त्याने? म्हणे, पगार मात्र वेळेवर मिळत असेल ना!"

कारखानीसांनी समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं. ती होत नव्हती.

"मुल्लासाहेब..." त्यांचा आवाज आता त्यांनाच ऐकू आला असेल एवढाच होता. "माझ्या त्या चौसष्टांत... जेवत किती जण होते?"

"एक."

"बाकीचे?"

मुल्लासरांनी बोटाने एका खुर्चीवरचं वर्तमानपत्र दाखवलं.

डाबरेबाई एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होत्या. "आपण कोण?" त्यांनी विचारलं.

कारखानीसांनी नाव सांगितलं नाही. म्हणाले, "दरडवाला."

मग बाईंनी जे ऐकवलं ते वसईच्या बोलीत ऐकवलं, आणि त्यातलं सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. माझी गणितं तुमच्या ढुंगणाखाली दाबून ठेवून वर मलाच मेल टाकता, हा त्यातल्या त्यात सभ्य भाग. कुणीही मध्ये पडलं नाही. कारखानीसांनी ते सगळं उभ्याने ऐकलं. एकदाच त्यांनी मान वर केली, आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी आहे हे बघून पुन्हा खाली घातली.

त्यानंतर ते प्रत्येक खुर्चीपाशी गेले आणि एकेक पान उचलून काखेत धरत गेले. जसजशी पानं उचलली गेली, तसतशी माणसं बसत गेली. चौकड्यांच्या रुमालाची खुर्ची त्यांनी डाबरेबाईंच्या पुढे केली. बाई तिच्यावर बसल्या नाहीत. ताट घेऊन दूरच्या टेबलावर गेल्या.

जेवणं उरकली तशी खानावळ रिकामी झाली. कारखानीस मुल्लासरांसमोर येऊन बसले. शरम अर्धी उतरली होती आणि तिच्या जागी पुन्हा राग चढला होता. माणसाचं असंच असतं. स्वतःवरचा राग फार वेळ घरात ठेवता येत नाही, तो शेजाऱ्याकडे पाठवावा लागतो.

"तुम्ही पंधरा दिवस बघत होतात," ते म्हणाले. "तुमच्या पडद्यावर दिसत होतं, एक यंत्र चालतंय आणि बाकीची झोपलीत. मग पहिल्याच दिवशी का नाही मारलात? मेल कसल्या पाठवत बसलात? फोन करायचा! माझ्या दारात येऊन उभं राहायचं!"

मुल्लासर रुमालाची घडी करत होते. हात थांबला.

"मागणाऱ्यावर विश्वास ठेवायचा, चालू जॉबला हात लावायचा नाही, ही इथली रीत. मीच घालून दिलेली." ते थोडं थांबले. "बाई काल आल्या. कुठला पाऊस मोजायचाय विचारलं, तर म्हणाल्या कुंभारखोंडचा. तेव्हा तुमच्या अर्जातली ती वाडी आठवली... मग रीत मोडली. आता वर जाब द्यायचाय."

"मला वाचवायला?"

"वाडीला. तुमच्या जॉबला पाऊस हवा होता. पाऊस तुमच्याच जॉबखाली अडकला होता."



"वर्ग अडीचला सुरू होतो," मुल्लासर म्हणाले.

त्या दुपारी नवख्यांचा वर्ग होता. कारखानीस पहिल्या रांगेत बसले, दोन्ही बाजूंना पीएचडीची मुलं. वर्गातल्या अनोळखी कीबोर्डवर पासवर्ड दोनदा चुकला, तेव्हा शेजारची मुलगी म्हणाली, "सर, लॉगिन होत नाहीये का? मी दाखवू?" कारखानीसांनी तिच्याकडे असं बघितलं की ती खुर्चीसकट सरकली. मग त्यांनी दात आवळले आणि म्हणाले, "दाखव."

मुल्लासर फिरत फिरत त्यांच्यापाशी आले.

"छोटा काप घ्या. एका नोडवर चालवा. वेळ बघा."

बघितला.

"आता हाच चार नोडवर."

वेळ तेवढाच लागला. सेकंदाचाही फरक नाही. कारखानीसांनी टेबलावर मूठ मारली. सगळा वर्ग वळून बघायला लागला. तीन यंत्रं हाताची घडी घालून बसली होती, हे आता त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांसमोर होतं.

"माझा प्रोग्राम मुळात एकट्यानेच जेवणारा आहे," ते म्हणाले.

"हो."

"मग मी काय करू? नवा लिहायला शनिवारपर्यंत वेळ नाही!"

"डोंगराचे काप एकमेकांवर अवलंबून आहेत?"

"...नाहीत."

"मग एकत्र का पाठवता?"

बाजारात भरलेल्या ट्रकला गल्लीत शिरायला जागा नसते, पण हातगाडी कुठूनही निघते. त्यांनी प्रत्येक कापाचा वेगळा, लहानसा जॉब केला. प्रत्येकाला एकच नोड, तोही थोड्या वेळापुरता. मोठ्या जॉबांच्या मधल्या फटी दिवसभर रिकाम्या पडत असतात. हे लहान जॉब त्यांत शिरायला लागले. चौसष्ट मागून पंधरवड्यात जे झालं नव्हतं, ते एकेक मागून संध्याकाळपर्यंत पुढे सरकलेलं दिसलं. जुन्याच पावसावर, पण सरकलं. ते बघून आनंद व्हायला हवा होता. कारखानीसांचा चेहरा मात्र आणखी काळवंडला.

शुक्रवारी सकाळी डाबरेबाईंची मेल आली. एकाच ओळीची.

'पाऊस सोबत जोडला आहे. पगार वेळेवर मिळतो.'

नवा पाऊस घालून काप पुन्हा रांगेत गेले. दुपारी शेवटचं उत्तर आलं. सलग पावसाच्या तिसऱ्या दिवशी वरचे दोन काप सुटत होते. त्यांच्या वाटेत कुंभारखोंड होतं. सगळं.

कारखानीसांनी शनिवारची वाट बघितली नाही. कलेक्टर कचेरीला कळवलं आणि मग वाडीच्या सरपंचांना, गोविंद ढेबेंना, मुल्लासरांच्या टेबलावरूनच फोन लावला.

"ढेबे, कुणालाही वर वाडीत जाऊ देऊ नका."

पलीकडून आवाज आला तो फोन कानापासून लांब धरावा लागेल असा. "आत्ता सांगताय होय? रोज उद्या सांगतो, उद्या सांगतो! माणसं किती दिस वाट बघतील? दोन घरं काल वर गेली परत. म्हणाली, सायबाला काय कळंना झालंय, म्हंजी डोंगराला काय न्हाई."

कारखानीस उभे राहिले.

"कुठली दोन घरं?"

"आखाडे म्हातारी आन् तिचा लेक, सून, पोरं. आन् शेजारचा बाबू. मी सांगून ऐकत न्हाईत. मला म्हणत्यात, तू सांगतूस का यंत्र सांगतंय?"

"मी सांगतो त्यांना. मी येतो."

"आज?"

"आत्ता निघतो. तुम्ही चार माणसं घेऊन वाडीच्या पायथ्याशी थांबा. कलेक्टरांची माणसंही येताहेत."

फोन ठेवला. त्यांनी लॅपटॉप बॅगेत कोंबला. पंधरवडा. पंधरवडाभर एकटा जेवत होतो, आणि एक म्हातारी वाट बघून बघून डोंगराखाली परत गेली... त्यांनी बॅगेची चेन एवढ्या जोराने ओढली की ती निसटून हातात आली.

दारापाशी ते थांबले. मुल्लासर तसेच बसले होते, समोर वरिष्ठांना द्यायचं उत्तर अर्धवट लिहिलेलं. तीन दिवसांत या माणसाचा आवाज एकदाही चढला नव्हता. कारखानीसांना आता तेच सोसत नव्हतं. डाबरेबाईंनी शिव्या दिल्या, ढेबेंनी दिल्या. त्या घेता आल्या. हा माणूस मात्र काहीच देत नव्हता.

"मुल्लासर," पहिल्यांदाच त्यांनी साहेब म्हटलं नाही. "खरं सांगा. तुम्हाला माझा राग नाही आला?"

मुल्लासरांनी पेन खाली ठेवलं.

...

"आला की. अजून आहे. अंधार पडायच्या आत घाट उतरा."